विश्लेषण : डोक्यावरचा एक घाव हॅरिएट टबमन यांना आयुष्यभर कसा छळत राहिला?

अमेरिकेतील गुलामांना गुप्तपणे मुक्त राज्यांत पोहोचवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या धाडसाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मात्र रात्रीच्या अंधारात इतरांना वाट दाखवणाऱ्या टबमन स्वतः मध्येच अचानक झोपी जात, हे फारसे सांगितले जात नाही. त्याचे मूळ किशोरवयात डोक्याला झालेल्या दुखापतीत होते.

दुकानात काय घडले?

टबमन यांचा जन्म १८२२च्या सुमारास मेरीलँड राज्यात गुलाम कुटुंबात झाला. तेव्हा त्यांना मिंटी म्हणत. एकदा ही मुलगी बकटाउन गावातील दुकानात गेली असताना, परवानगीशिवाय काम सोडून आलेल्या एका गुलामाला पकडण्यासाठी मुकादम तिथे आला. त्याला मदत करायला मिंटीने नकार दिला. पळणाऱ्या गुलामावर मुकादमाने दोन पौंडांचे, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमचे वजन फेकले. ते लागले मिंटीच्या डोक्याला.

कधी न विंचरलेल्या दाट केसांमुळेच आपण वाचलो असू, असे त्या पुढे सांगत. घरात अंथरूण नव्हते, म्हणून रक्तबंबाळ मिंटीला मागाच्या बाकावर निजवले गेले. उपचार शून्य. दोनच दिवसांत ती पुन्हा शेतात राबत होती. आज साध्या कन्कशननंतरही विश्रांती घेऊन हळूहळू काम वाढवायला सांगतात. इथे तर कवटी फुटली होती. मालकाने तिला विकायचा प्रयत्न केला, पण अशा मुलीला गिऱ्हाईक मिळेना.

झोपेचे झटके आणि पाठलाग

तीव्र डोकेदुखी, फिट आणि अनावर झोप कायमची मागे लागली. बोलता बोलता डोळे मिटत आणि जाग आल्यावर बोलणे तिथूनच पुढे सुरू होई. काही अभ्यासकांना हा अपस्माराचा एक प्रकार वाटतो. अर्थात तेव्हा ना एमआरआय होता, ना निदान. झटक्यांत दिसणारी दृश्ये टबमन ईश्वरी संकेत मानत.

१८४९मध्ये त्या एकट्या फिलाडेल्फियाला निसटल्या आणि तिथून सुमारे १३ वेळा मेरीलँडला परतल्या. जवळपास ७० जणांना त्यांनी बाहेर काढले. रात्री मोठ्या म्हणून बहुतेक फेऱ्या हिवाळ्यात होत. शनिवारी रात्री निघायचे, कारण फरारी गुलामांच्या जाहिराती सोमवारपर्यंत छापल्या जात नसत. एवढा काटेकोर हिशेब, पण झटका कधी येईल याचा हिशेब कुठेच बसत नव्हता. तो आला की मागावर माणसे असली तरी सोबत्यांना थांबावेच लागे. वाट फक्त टबमन यांनाच माहीत होती. तरीही त्यांच्यासोबत निघालेले कोणीही पकडले गेले नाही.

साठ वर्षांनी शस्त्रक्रिया

यादवी युद्धात त्यांनी परिचारिका आणि हेर म्हणून काम केले. जून १८६३च्या कॉम्बाही नदीवरील मोहिमेत ७००हून अधिक गुलाम मुक्त झाले. डोकेदुखी मात्र सुटली नाही. १८९०च्या दशकाच्या अखेरीस वेदना आणि डोक्यातील गुणगुण यांमुळे झोप लागेनाशी झाली, तेव्हा त्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डोक्यावर शस्त्रक्रिया करून घेतली. भूल नाकारून, सैनिकांप्रमाणे दातांत गोळी धरून ती सोसली, असे त्यांनीच सांगितले. गंमत म्हणजे ईथरने भूल देण्याचे गाजलेले प्रात्यक्षिक १८४६मध्ये याच रुग्णालयात झाले होते.

शस्त्रक्रियेनंतर थोडा आराम पडला. १० मार्च १९१३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.