मोकळ्या आभाळाखालील प्रार्थना : श्री तुकडोजी महाराज यांचे अल्प चरित्र

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, असा परिपाठ आहे. बहुधा त्या जागी असीसीच्या संत फ्रान्सिसचे किंवा संत फ्रान्सिस झेवियरचे चरित्र येते, आणि ते योग्यच होय. या खेपेस मात्र आम्ही ज्या पुरुषाची ओळख वाचकांस करून देत आहोत, तो ख्रिस्ती नव्हता. तरीही त्याचे चरित्र येथे देण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. कारण तो आमचा शेजारी होता, आणि शेजाऱ्याच्या घरी देवाचे नाव कसे घेतले जाते हे जाणून घेणे शेजारधर्मास सोडून नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील अनेक खेड्यांत दिवेलागणीच्या सुमारास एक देखावा दृष्टीस पडतो. सारवलेल्या अंगणात किंवा निंबाच्या पाराजवळ माणसे रांगेने जमिनीवर बसतात, खंजिरीचा ठेका सुरू होतो, आणि आबालवृद्ध एका सुरात प्रार्थना म्हणतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हा स्वर शेतातून घरी परतताना लहानपणापासून ऐकिला असेल. ज्यांनी ही रीत गावोगाव रुजविली, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज होत.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव माणिक, वडिलांचे नाव बंडोजी आणि आईचे मंजुळाबाई. घरी शिवणकामाचा धंदा, पण दारिद्र्य पाचवीला पुजलेले. त्यामुळे मुलाचे शिक्षण प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही इयत्तांपलीकडे गेले नाही. अभ्यासापेक्षा भजनाकडे त्याचा ओढा अधिक होता. वरखेड येथील आडकोजी महाराज यांना त्याने गुरू मानिले, आणि तुकड्या हे नाव त्यास त्यांच्याकडूनच मिळाले. तुकडा म्हणजे भाकरीचा लहानसा भाग. थोर म्हणून सर्वत्र मान मिळू लागल्यावरही महाराजांनी हे नाव टाकिले नाही. आपल्या पदांखाली ते तुकड्यादास अशीच मुद्रा घालीत. पूर्ण भाकरीचा मान आपला नव्हे, आपण केवळ एक तुकडा, ही नम्रता त्या नावात सामावलेली आहे.

१९२१ साली आडकोजी महाराजांचे देहावसान झाले. त्या वेळी माणिक अवघ्या बारा वर्षांचा होता. पुढील काळात तो घर सोडून रानावनांत हिंडू लागला. सातपुड्याच्या कुशीतील सालबर्डी, नागपूरजवळचे रामटेक, चिमूरच्या बाजूचे रामदिघी आणि गोंदोडा या अरण्यप्रदेशांत त्याचा मुक्काम पडे. साग, मोह व पळस यांची ती राने आमच्या जिल्ह्यातील वाचकांस परकी नाहीत. यवतमाळच्या दक्षिणेकडील गोंड व कोलाम लोक पिढ्यानुपिढ्या झाडाखाली व पाषाणापुढे आपल्या देवाचे स्मरण करीत आले आहेत. आपला प्रभू येशू ख्रिस्त हाही प्रार्थनेसाठी एकांती डोंगरावर जात असे. त्याने आपला थोर उपदेश डोंगरावरून केला, पाच भाकरींचा चमत्कार गवतावर बसलेल्या समुदायापुढे केला, आणि दुःखभोगापूर्वीची रात्र जैतुनाच्या बागेत घालविली. रानात मनुष्याचे मन ईश्वराकडे सहज वळते, हा अनुभव कोण्या एका धर्माच्या लोकांचा नाही.

अरण्यात राहिलेले कित्येक साधक तेथेच रमतात. तुकडोजी महाराज मात्र पुन्हा गावात आले, आणि येथूनच त्यांच्या चरित्रास खरे वळण लागले. हाती खंजिरी घेऊन ते खेडोपाडी भजने म्हणू लागले. आवाज बुलंद, भाषा सोपी, चाली चटकन ओठांवर बसणाऱ्या. त्यामुळे मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांतील त्यांची पदे दूरवर पसरली. १९३५ साली सालबर्डीस झालेल्या यज्ञाच्या प्रसंगी लोकांचा अफाट समुदाय लोटला. त्याच वर्षी अमरावतीहून नागपूरला जाणाऱ्या मार्गावर, मोझरी गावाजवळच्या माळावर त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली.

पुढील वर्षी, म्हणजे १९३६ साली, महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामी सुमारे महिनाभर राहिले. सेवाग्राम येथील प्रार्थनाभूमी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस तिचे स्वरूप ठाऊक असेल. तेथे छप्पर नाही, भिंत नाही, मूर्तीही नाही. खाली जमीन, वर आकाश. त्या प्रार्थनेत निरनिराळ्या धर्मांच्या वचनांस व गीतांस स्थान होते. तुकडोजी महाराजांची वृत्ती मुळातच या दिशेने झुकलेली होती; तो सहवास तिला पोषक झाला असल्यास नवल नाही.

आता त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेविषयी थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे, कारण त्यांच्या जीवनकार्याचे मर्म तेथे आहे. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा नेम त्यांनी घालून दिला. ठरलेल्या वेळी सर्वांनी शिस्तीने रांगांत बसावे, समोर एक स्वच्छ आसन मांडावे, त्यावर कोणत्याही देवाची मूर्ती ठेवू नये, आणि सर्वांनी मिळून एकस्वराने प्रार्थना म्हणावी. गुरुकुंजात यासाठी प्रार्थनामंदिर उभे राहिले, तथापि खेड्यांत बहुधा चावडीसमोरचे पटांगण, झाडाचा पार किंवा एखाद्याचे अंगण हेच प्रार्थनेचे स्थान असे.

या साध्या व्यवस्थेत केवढी क्रांती होती, हे आजच्या तरुण वाचकांस एकदम उमगणार नाही. त्या काळी गावातील देवळाच्या पायरीवर अस्पृश्य मानलेल्या बांधवास पाऊल ठेविता येत नसे. पाणवठे वेगळे, वस्त्या वेगळ्या, स्मशानेही वेगळी. अशा गावात सर्व जातींची माणसे मोकळ्या जागी एका रांगेत मांडीला मांडी लावून बसू लागली. देवळास दार असले म्हणजे कोणास आत घ्यावे व कोणास बाहेर ठेवावे हा प्रश्न उद्भवतो. आभाळास दारच नाही; तेव्हा तेथे अडविणार कोण आणि कोणाला? मूर्ती नसल्यामुळे ही अमक्या पंथाची पूजा, असेही कोणास म्हणता येईना. ज्या काळी मंदिरप्रवेशासाठी ठिकठिकाणी झगडे चालू होते, त्या काळी महाराजांनी देवाचे नावच उंबरठ्याबाहेर आणून ठेविले.

१९४२ सालच्या स्वातंत्र्यलढ्यात चिमूर, आष्टी आणि खुद्द यावली ही गावे पेटून उठली. त्या भागात महाराजांच्या भजनांचा प्रभाव मोठा होता. सरकारने त्यांस २८ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा येथे अटक केली. पुढे नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेविले आणि २ डिसेंबर रोजी मुक्त केले. सुटकेनंतर श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखांचे जाळे त्यांनी विदर्भात व बाहेरही विणले. सेवामंडळाच्या नावातच सेवा हा शब्द आहे. पहाटेच्या ध्यानानंतर हाती खराटा घेऊन गाव झाडावयाचा, व्यसने सोडावयाची, भांडणे आपसांत मिटवावयाची, असा त्यांचा उपदेश होता. गावातील घाण जशीच्या तशी ठेवून केलेले भजन त्यांस मान्य नव्हते.

या सर्व विचारांचा सारग्रंथ म्हणजे ग्रामगीता. तीत ४१ अध्याय असून ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, दलितसेवा असे विषय ओवीबद्ध केलेले आहेत. सामुदायिक प्रार्थनेवर स्वतंत्र अध्याय आहे. हा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जपानात भरलेल्या विश्वधर्म परिषदेस महाराज उपस्थित राहिले. आमच्या वाचकांस आणखी एक योगायोग स्मरेल : ज्या अमरावती धर्मप्रांतात आमचा यवतमाळ जिल्हा मोडतो, त्याची स्थापनाही १९५५ सालीच झाली.

भूदानाच्या चळवळीत महाराज विनोबांच्या पाठीशी उभे राहिले. १९६२ व १९६५ च्या युद्धांच्या वेळी सैनिकांस धीर देण्यासाठी ते आघाडीवर गेले. अखेरीस कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात त्यांनी देह ठेविला. पुढे २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. परंतु त्यांचे खरे स्मारक आम्हांस निराळेच वाटते. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीस गुरुकुंजाच्या पटांगणात विशाल जनसमुदाय जमतो. ४ वाजून ५८ मिनिटे झाली की खंजिरी थांबते, बोलणे थांबते, आणि तो सारा समुदाय उघड्या आभाळाखाली निःशब्द उभा राहतो. त्या प्रसंगी निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात, आणि त्यांत ख्रिस्ती प्रार्थनेसही स्थान असते.

येथे एखादा वाचक विचारील की, आपण कॅथॉलिक लोकांनी याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? सर्व मार्ग सारखेच, असे आपली ख्रिस्तसभा शिकवीत नाही. पवित्र मिस्साबलिदान आणि संस्कार यांची जागा दुसरी कोणतीही प्रार्थना घेऊ शकत नाही, आणि आपली श्रद्धा झाकून ठेवून केलेला सलोखा खरा सलोखा नव्हे. परंतु २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आपल्या घोषणापत्राद्वारे स्पष्ट केले की, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही. त्या वेळी तुकडोजी महाराज हयात होते. एका रांगेत बसलेले गाव आणि प्रार्थनेनंतर झाडलेला रस्ता, यांत सत्य व पवित्र असे काहीच नाही, असे कोण म्हणेल?

उलट, या चरित्राच्या आरशात आपण आपले मुख पाहावे, हे अधिक हिताचे. आमच्या चर्चला दार आहे, आणि ते सर्वांस उघडे आहे असे आम्ही म्हणतो. पण आत आल्यावर बाकावर कोण कोणाशेजारी बसतो? पूर्वीची जात विचारण्याची खोड आमच्यातून समूळ गेली आहे काय? शेतमजूर स्त्री मळक्या लुगड्याने आली तर ती मागच्या दाराशीच का थांबते? भिंती उभारणे हा दोष नाही. ऊनपावसात वेदीस निवारा लागतोच. भिंत अंतःकरणात उतरली, म्हणजे मात्र दोष घडतो.

आणखी एक गोष्ट आम्ही जड अंतःकरणाने लिहितो. आमचा हा जिल्हा कापसाचा. गेल्या काही दशकांत नापिकी व कर्ज यांनी खचून येथील कितीतरी शेतकऱ्यांनी स्वतःचा जीव दिला. जो मनुष्य रोज सायंकाळी शेजाऱ्यांसमवेत एका रांगेत बसतो, त्याची जागा एखाद्या दिवशी रिकामी दिसली तर कोणीतरी त्याच्या दाराशी जाऊन चौकशी करतो. कर्ज त्यामुळे फिटत नाही. पण मनुष्य एकटा उरत नाही. गावाने एकत्र बसावे या तुकडोजी महाराजांच्या आग्रहाचे मोल आम्हांस आज अधिक कळते.

जेथे चर्च नाही अशा वस्तीवर धर्मगुरू आले म्हणजे झाडाच्या सावलीत वेदी मांडून मिस्सा अर्पण होते. अशा मिस्सेस शेजारपाजारची अन्य धर्मीय मंडळीही जरा अंतरावर हात जोडून उभी राहतात. महोत्सवाच्या या वर्षी अशी एखादी सायंप्रार्थना आपणही शिवारात करावी, पेरणीसाठी आशीर्वाद मागावा, आणि त्या दूर उभ्या शेजाऱ्यास पुढे बोलावून सतरंजीवर आपल्या बाजूस जागा द्यावी, इतकीच आमची वाचकांस विनंती आहे.