द्वारकानाथ कोटणीस : एका शस्त्रवैद्याचे अपुरे पुस्तक

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव महाराष्ट्रात कोणास अपरिचित नाही. तथापि ज्या स्वरूपात ते परिचित आहे ते स्वरूप हुतात्म्याचे होय, ग्रंथकाराचे नव्हे. परदेशातील युद्धात जखमींची सेवा करता करता बत्तिसाव्या वर्षी देह ठेवणारा तरुण डॉक्टर, एवढीच त्यांची प्रतिमा शालेय पुस्तकांनी आणि रुपेरी पडद्याने आपल्या मनावर ठसविली आहे. त्यांनी शस्त्रवैद्यकावर एक पाठ्यपुस्तक पुरे केले होते आणि दुसरे लिहीत असतानाच त्यांना मृत्यूने गाठले, ही गोष्ट चरित्रकार एखाद्या वाक्यात सांगून पुढे जातात. प्रस्तुत लेखकास ते वाक्यच ह्या चरित्राचे मर्म वाटते. मराठी मातृभाषा आणि इंग्रजी वैद्यकशिक्षण असलेल्या माणसाने आपले शास्त्र चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शिकविले आणि त्यांच्यासाठी ग्रंथरचना केली. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने ह्या घटनेकडे केवळ आदराने पाहून भागणार नाही.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. कुटुंब मोठे, उत्पन्न बेताचे. गिरण्यांच्या त्या गावात मध्यमवर्गीय घराची जी ओढाताण असे ती येथेही होती. मुंबईस त्यांनी सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९२६ साली सुरू झालेल्या ह्या महाविद्यालयाचे वैशिष्ट्य असे की, तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा असा दात्यांचा आग्रह होता. अध्यापक भारतीय झाले. अध्यापनाची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. हा तपशील पुढील कथेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ह्या ठिकाणी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषांतून शिकविण्याचा प्रयत्न १८२६ सालीच झाला होता. त्या वर्षी निघालेल्या शाळेसाठी वैद्यकाचे ग्रंथ मराठी-गुजरातीत उतरविण्याचे काम हाती घेण्यात आले; पण १८३२ मध्ये ती शाळा बंद पडली. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजातही काही काळ देशी भाषांचे वर्ग चालले आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या विद्वानांनी मराठीत वैद्यकावर पुस्तके लिहिली. परंतु वरच्या पदवीची भाषा इंग्रजी ठरल्यावर हा प्रवाह क्षीण झाला. कोटणीस विद्यार्थी झाले तेव्हा मराठीतील वैद्यकग्रंथ म्हणजे गृहिणीसाठी आरोग्याचे, बाळंतिणीच्या देखभालीचे किंवा आयुर्वेदाचे पुस्तक, अशीच सर्वसाधारण समजूत होती. शस्त्रक्रियेची सूक्ष्म चर्चा आपल्या भाषेत करावी असा प्रसंग त्यांच्यावर मुंबईत कधी आला नसावा. तो आला हजारो मैलांवर, आणि तोही परक्या भाषेत.

१९३७ साली जपानने चीनवर पूर्ण शक्तीनिशी आक्रमण केले. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून साहाय्य मागितले. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी निधीसाठी देशाला आवाहन केले. लोकवर्गणीतून सुमारे २२,००० रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक निश्चित झाले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले डॉ. अटल हे प्रमुख. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले. त्या वेळी कोटणीस पुढील शिक्षणाच्या तयारीत होते. वर्षभरात परत यावयाचे, असा सर्वांचाच समज होता.

चीनमध्ये पोहोचल्यावर पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर जोडले गेले. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले 'ख दी-ह्वा'. चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना समजली. घरच्या स्थितीची त्यांना पूर्ण कल्पना होती आणि परत जाण्यास सहकाऱ्यांची संमतीही होती. ते परतले नाहीत. १९३९च्या प्रारंभी पथक येनानला पोहोचले. पुढे चोळकर व मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने स्वदेशी आले, नंतर अटलही आले. बसू आणि कोटणीस राहिले. जपानी फळीच्या पाठीमागे असलेल्या शान्शी-चाहार-हबै ह्या सीमाप्रदेशात ते १९४० साली जाऊन पोहोचले.

ह्याच प्रदेशात नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शस्त्रवैद्य कार्य करीत होता. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तो मरण पावला. बेथ्यूनने आपल्या अखेरच्या वर्षात गनिमी युद्धातील फिरत्या रुग्णालयाची रचना व तंत्र ह्यांवर एक पुस्तक लिहून ठेवले होते. शिकविलेले ग्रंथात बांधून ठेवावे, कारण शिकविणारा उद्या असेलच असे नाही, ही जाणीव त्या प्रदेशाच्या हवेतच होती असे म्हणावे लागते. बेथ्यूनच्या नावाने वैद्यकीय शाळा आणि रुग्णालय चालू झाले. कोटणीस शाळेत शस्त्रवैद्यक शिकवू लागले आणि जानेवारी १९४१ मध्ये रुग्णालयाचे प्रमुख झाले.

रुग्णालय म्हणजे एखादी इमारत नव्हे. ते थांग परगण्यातील खेड्यांतून, शेतकऱ्यांच्या घरांतून पसरलेले होते आणि शत्रूची धाड येताच रोगी, उपकरणे आणि विद्यार्थी ह्यांसह डोंगरात हलत असे. १९४०च्या शरदातील मोठ्या मोहिमेत कोटणीसांनी तीन दिवस-रात्री झोप न घेता शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. ह्या हकीकती पुष्कळ वेळा लिहिल्या गेल्या आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे करीत नाही. आपल्या विषयाशी अधिक निगडित असलेली गोष्ट शाळेतील आहे.

ह्या शाळेचे विद्यार्थी बहुतांशी खेड्यांतील तरुण होते. इंग्रजी त्यांना येत नव्हते. येण्याचे कारणही नव्हते. दुभाष्याच्या मदतीने व्याख्यान देता येते, परंतु जखम कशी धुवावी, रक्तवाहिनी कोठे बांधावी, पाय केव्हा कापावा आणि केव्हा वाचवावा हे दुभाष्यामार्फत सांगताना अर्थाची गळती होते. आणि येथे गळती म्हणजे एखाद्या माणसाचा जीव. भिलाईत रुआबांध्याजवळच्या वसाहतीत राहणाऱ्यास हे काहीसे परिचित वाटेल. १९५५च्या करारानंतर येथे पोलाद कारखाना उभारण्यास आलेल्या सोविएत तज्ज्ञांचे बोलणे दुभाष्यांच्या द्वाराच कामगारांपर्यंत पोहोचत असे. लोखंडाच्या कामात चुकलेला शब्द पुन्हा विचारता येतो. रक्तस्राव थांबत नसताना तशी सवड नसते. कोटणीसांनी चिनी भाषेचा अभ्यास आरंभापासूनच नेटाने केला होता. काही काळातच ते दुभाष्याविना चिनीत व्याख्याने देऊ लागले.

हे कार्य वाटते तितके सोपे नाही, आणि केवळ लिपीच्या अवघडपणामुळे नव्हे. चिनी भाषेला आधुनिक शस्त्रवैद्यकाची परिभाषा तोवर मिळालेली होती. बेंजामिन हॉब्सन ह्या इंग्रज मिशनरी डॉक्टराने १८५७ साली पाश्चात्त्य शस्त्रवैद्यकावर चिनी भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. तेव्हापासून अनेक हातांनी ही परिभाषा घडत गेली. तिचे स्वरूप लक्षणीय आहे. शस्त्रवैद्यकाला चिनीत 'वाय-ख' म्हणतात, म्हणजे बाहेरची शाखा. औषधवैद्यक ती आतली शाखा. दाह ह्या अर्थाच्या अक्षरात अग्नीचे चिन्ह एकावर एक असे दोनदा लिहिलेले असते. भूल देण्यासाठी योजलेल्या जोडशब्दात बधिरपणा आणि नशा ही दोन्ही पदे आहेत. आघाताने नाडी क्षीण होऊन रोगी थंड पडतो त्या अवस्थेला मात्र इंग्रजी 'शॉक'चाच ध्वनी घेऊन 'श्यू-ख' असे म्हणतात. म्हणजे काही शब्द अर्थाने घडविलेले, काही ध्वनीने उसने घेतलेले. मराठी परिभाषाकारांपुढेही नेमका हाच पेच होता. आपण 'शल्य' हा सुश्रुताचा शब्द पुन्हा प्रचारात आणला, 'भूल' हा घरगुती शब्द शस्त्रक्रियागृहात नेला, आणि 'ऑपरेशन', 'प्लास्टर' हे शब्द जसेच्या तसे ठेवले. फरक एवढाच की, चिनी परिभाषा वर्गात आणि रुग्णशय्येपाशी रोज वापरली गेली. आपली बहुधा कोशात राहिली. मुंबईत इंग्रजीत शिकलेल्या कोटणीसांना आपले शास्त्र प्रथमच एका देशी भाषेतून बोलावे लागले, आणि ती देशी भाषा त्यांच्या देशाची नव्हती.

व्याख्यानांबरोबरच त्यांनी पुस्तकाचे काम हाती घेतले. शस्त्रवैद्यकाच्या ग्रंथांची जी सर्वमान्य विभागणी आहे तीच त्यांनी स्वीकारली : पहिले पुस्तक सामान्य तत्त्वांचे, दुसरे शरीराच्या निरनिराळ्या भागांच्या शस्त्रक्रियांचे. सामान्य तत्त्वांच्या ग्रंथात जखमांचे प्रकार, दाह, पू, रक्तस्राव, आघात, निर्जंतुकता असे विषय येतात. म्हणजे रणांगणावरील डॉक्टरला पहिल्याच दिवशी लागणारे सर्व काही. अवयववार भाग त्याच्या पुढचा. जेथे मोठे शस्त्रक्रियागृह नाही तेथे आधी कोणते पुस्तक लिहावे, ह्याचे उत्तर ह्या क्रमातच आहे. पहिला भाग १९४२ साली पूर्ण झाला.

ह्याच काळात त्यांचे खाजगी जीवनही तेथे रुजले. शाळेत परिचर्या शिकविणाऱ्या ग्वो छिंग-लान ह्यांच्याशी नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिन-ह्वा' ठेवले, त्यातील पहिले अक्षर भारताचे आणि दुसरे चीनचे. त्याच वर्षी ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. आपल्याकडील काही चरित्रलेखकांनी ही गोष्ट हळूच झाकली आहे, तर काहींनी तिलाच सर्वस्व मानले आहे. दोन्ही गोष्टी चरित्राच्या न्यायाला धरून नाहीत. चार वर्षे ज्या माणसांबरोबर ते राहिले त्यांच्या निष्ठेत ते सामील झाले, एवढे नोंदवावे.

प्रकृती मात्र ढासळत होती. अपस्माराचे झटके येऊ लागले होते आणि त्याचा अर्थ डॉक्टर म्हणून त्यांना पुरता ठाऊक होता. उपचारासाठी अन्यत्र जावे असा वरिष्ठांचा आग्रह झाला; ते गेले नाहीत. अध्यापन, शस्त्रक्रिया आणि रात्री लेखन हा क्रम चालू राहिला. ८ डिसेंबर १९४२ रोजी संध्याकाळी ते दुसऱ्या पुस्तकाचे लेखन करीत असता झटका आला, मग एकामागून एक येत गेले. ९ डिसेंबरच्या सकाळी ख-कुंग ह्या खेड्यात त्यांचे निधन झाले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

मरणोत्तर कीर्तीचा प्रवास वेगळाच झाला. १९४४ साली ख्वाजा अहमद अब्बास ह्यांनी इंग्रजीत त्यांची कथा लिहिली. तिच्यावरून १९४६ साली व्ही. शांताराम ह्यांनी हिंदी चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. अब्बास ह्यांच्या पुस्तकाचे नावच मुळी परत न आलेल्या एका माणसाविषयी आहे. चित्रपटात त्याग आहे, प्रणय आहे, साथीशी झुंज आहे. मेणबत्तीच्या उजेडात परिभाषेशी झटणारा अध्यापक फारसा नाही. चित्रपटाला तो नको असतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु साहित्याच्या इतिहासकारांनीही त्याला शोधले नाही ह्याचे नवल वाटते. बंधू मंगेश कोटणीस ह्यांनी १९८२ साली इंग्रजीत चरित्र प्रसिद्ध केले, बसूंची दैनंदिनी १९८६ साली आली. ही सर्व साधने इंग्रजीत आहेत. ग्रंथसूचीकार पुस्तकाची नोंद त्याच्या भाषेखाली करतात. त्या न्यायाने कोटणीसांचा ग्रंथ चिनी वैद्यकाच्या खात्यावर जातो, आणि मराठी किंवा भारतीय ग्रंथकारांच्या यादीत त्यांचे नाव येतच नाही. बोधिधर्म किंवा कुमारजीव ह्यांना आपण भारतीय विद्येच्या इतिहासात हक्काने स्थान देतो. कुमारजीवाने चिनी भाषेत भाषांतरे केली म्हणून तो आपला राहिला नाही असे कोणी म्हणत नाही. धर्मग्रंथाला जो न्याय, तो वैद्यकग्रंथाला का नसावा, हा प्रश्न सूचीकारांनीच सोडवावा. माझे मत असे की, आधुनिक मराठी गद्याच्या इतिहासात एक प्रकरण मराठी माणसांनी अन्य भाषांतून केलेल्या शास्त्रीय लेखनाचे असले पाहिजे, आणि त्यात ह्या पुस्तकाला जागा असली पाहिजे.

बसूंच्या बाबतीत देवाणघेवाण उलट दिशेने झाली. १९५८-५९ साली ते पुन्हा चीनला गेले, तेथील सूचिचिकित्सा शिकले आणि कलकत्त्यास तिचा उपचार सुरू केला. ग्वो छिंग-लान ह्यांनी उत्तरायुष्यात आपल्या आठवणी लिहिल्या. त्या सोलापूर-मुंबईस कोटणीस कुटुंबीयांना भेटूनही गेल्या होत्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले. यिन-ह्वा मात्र १९६७ सालीच, वैद्यकाचे शिक्षण घेत असताना, वारला. कोटणीसांचे अवशेष पुढे शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत, बेथ्यूनच्या समाधीच्या सान्निध्यात नेण्यात आले. त्याच शहरातील एका वैद्यकीय शाळेला त्यांचे चिनी नाव आहे. तेथे परिचर्या आणि वैद्यक शिकणारी मुले चिनी भाषेतूनच शिकतात.