गिटार न येणारा गिटारकार

संमेलनात गायिकेचा आवाज बुडू नये म्हणून मी इलेक्ट्रिक गिटारचा आवाज उतरवला आणि तारांची चमकच गेली. कारण शोधताना लिओ फेंडर यांचे चरित्र हाती आले.

जन्म १९०९, कॅलिफोर्निया. बालपणीच एक डोळा गेला. शिकले हिशेबनिशी, १९३८ साली रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. स्वतःला गिटार येत नसे. वादकांच्या तक्रारी ऐकून त्यांनी टेलिकास्टर व १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर घडवली. १९६५ साली कंपनी विकली. पुढे त्याच कंपनीने टेलिकास्टरच्या आवाजाच्या बटणावर छोटा कपॅसिटर बसवला. आवाज उतरवला तरी वरच्या कंपनांना त्यातून वाट मिळते. मीही तसाच जोडला. चमक टिकली.

१९९१ साली फेंडर गेले. न येणाऱ्या कलेचीही सेवा करता येते, हे मी त्यांच्याकडून शिकलो.