मराठीसाठी झटणारे न्यायमूर्ती

आज महाराष्ट्रातील विद्यापीठांत मराठी हा विषय घेऊन बी. ए. आणि एम. ए. करता येते. तेथे विद्यार्थी संतांचे अभंग वाचतात, कथा-कादंबऱ्या वाचतात, आत्मचरित्रे वाचतात. त्यांतून ते जातिभेद, स्त्रियांची दुःखे, शेतकऱ्यांची गरिबी अशा आपल्या काळातील प्रश्नांचा विचार करतात. आपल्याला यात काहीच नवल वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीला जागाच नव्हती. ही जागा मिळावी म्हणून ज्यांनी अनेक वर्षे चिकाटीने प्रयत्न केले, त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव फार मोठे आहे.

महादेव रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. त्यांचे वडील गोविंदराव कोल्हापूर येथे नोकरीला होते. त्यामुळे महादेवचे बालपण कोल्हापुरात गेले आणि सुरुवातीचे शिक्षणही तेथेच झाले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत आले. त्याच सुमारास, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांत रानडे होते. १८६२ मध्ये जे चार विद्यार्थी या विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले, त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्याबरोबर रानडेही होते. पुढे त्यांनी एम. ए. आणि एल्एल. बी. या परीक्षाही दिल्या. वाचनाचा त्यांना इतका नाद होता की त्यामुळे त्यांचे डोळे अधू झाले.

कॉलेजात असतानाची त्यांची एक गोष्ट सांगतात. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजांच्या राज्याची तुलना केली. ती प्राचार्य ग्रँटसाहेबांना आवडली नाही. जे सरकार शिक्षण देते त्याच्यावर टीका करणे त्यांना अयोग्य वाटले. त्यांनी रानडे यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. रानडे यांनी आदळआपट केली नाही. ग्रँटसाहेबांविषयीचा आदरही त्यांनी सोडला नाही आणि आपले मतही सोडले नाही. आपण जे शिकतो त्याचा आपल्या देशाच्या स्थितीशी संबंध असला पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून पक्की होती.

मुंबई विद्यापीठात सुरुवातीच्या काळात मराठी हा विषय घेण्याची सोय होती. परंतु १८६० नंतरच्या काही वर्षांतच उच्च परीक्षांतून देशी भाषा काढून टाकण्यात आल्या. त्यांच्या जागी संस्कृत, अरबी, फारसी, लॅटिन यांसारख्या प्राचीन भाषा ठेवल्या गेल्या. मराठी, गुजराती, कन्नड या भाषांत अभ्यास करण्याजोगे ग्रंथच नाहीत, असे अनेक अधिकाऱ्यांचे मत होते. त्या प्राचीन भाषा थोरच होत्या. पण याचा परिणाम असा झाला की पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण शेक्सपिअर जाणत असे, पण आपल्या गावातील माणूस कोणत्या शब्दांत हसतो आणि रडतो, हे त्याला सांगता येत नसे. शिकलेला वर्ग आणि सामान्य जनता यांच्यात एक भिंत उभी राहू लागली. रानडे यांना ही गोष्ट फार खटकली.

१८७१ मध्ये रानडे न्यायाधीश म्हणून पुण्याला आले. दिवसभर ते न्यायालयात काम करीत आणि उरलेला वेळ समाजाच्या कामाला देत. सार्वजनिक सभा, वसंत व्याख्यानमाला, मुलींची शाळा अशा कितीतरी संस्थांना त्यांनी बळ दिले. विधवांच्या पुनर्विवाहाच्या चळवळीत ते विष्णुशास्त्री पंडितांच्या बरोबरीने उभे राहिले. त्यासाठी त्यांनी सनातनी लोकांचा बहिष्कारही सोसला.

मराठी भाषेला वर आणायचे तर आधी मराठीत चांगली पुस्तके निघाली पाहिजेत, आणि पुस्तके निघायची तर लिहिणाऱ्यांनी एकत्र आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. म्हणून लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि रानडे यांनी मराठी ग्रंथकारांना आवाहन केले. १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. रानडे तिचे अध्यक्ष होते. आज दरवर्षी मोठ्या थाटाने भरणाऱ्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची मोजणी याच सभेपासून केली जाते.

अशीच दुसरी सभा १८८५ मध्ये पुण्यात भरली. तिचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनाही गेले होते. फुले आणि रानडे एकमेकांना चांगले ओळखत. १८७५ मध्ये स्वामी दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांची पर्वा न करता दोघेही तिच्यात सामील झाले होते. पण या सभेला येण्यास फुले यांनी साफ नकार दिला. त्यांनी पत्र लिहून आपले कारण कळवले. जे लोक शूद्रांना आणि अतिशूद्रांना माणुसकीचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही, आमच्या लोकांनी काय सोसले हे त्यांच्या लेखनात कसे येणार, असा त्या पत्राचा आशय होता.

हे पत्र कडक होते आणि त्यातला प्रश्न खरा होता. मराठी साहित्य म्हणजे नेमके कोणाचे साहित्य? त्यात शेतकरी, कारागीर, अस्पृश्य मानलेला माणूस, घरात कोंडलेली स्त्री यांचे जीवन येते का? त्या सभेतील लेखकांपाशी या प्रश्नाचे पुरेसे उत्तर नव्हते. रानडे भाषेसाठी दार उघडू पाहत होते. त्या दारातून कोणाकोणाला आत येता येईल, हे फुले विचारीत होते. दोघांचेही म्हणणे मराठीच्या पुढील वाटचालीत मोलाचे ठरले.

रानडे यांच्या स्वतःच्या आयुष्यातही एक कठीण प्रसंग आला होता. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. ते तेव्हा एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे आता विधवेशीच विवाह करतील, अशी लोकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. लोकांनी त्यांच्यावर टीका केली आणि ती टीका चुकीची नव्हती. विचार करणे सोपे असते. घरातल्या माणसांसमोर तो विचार पाळणे अवघड असते, हे या प्रसंगातून दिसते.

रानडे यांनी रमाबाईंना स्वतः शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी आणि मग इंग्रजी. घरातील बायकांना हे आवडत नसे. त्या रमाबाईंना टोचून बोलत. रमाबाई ते सोसत आणि अभ्यास चालू ठेवत. पुढे त्यांनी स्त्रियांसाठी मोठे कार्य केले. पुण्याच्या सेवासदन संस्थेच्या कामात त्यांनी आपले आयुष्य घातले. १९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळातील स्त्रीला शिकण्यासाठी घरात काय काय सहन करावे लागे, हे त्यात साध्या शब्दांत लिहिले आहे. आज स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारे विद्यार्थी हे पुस्तक आवर्जून वाचतात.

जुने मराठी साहित्य कसे वाचावे, हेही रानडे यांनी दाखवून दिले. ते प्रार्थना समाजाचे प्रमुख सभासद होते. तेथील उपासनेत तुकारामांचे अभंग म्हटले जात. रानडे यांना संतवाणीचे विलक्षण प्रेम होते. ते त्या वाणीत भक्तीबरोबर समाजाचा इतिहासही शोधत. १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातील संतांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. नामदेव शिंपी होते, गोरोबा कुंभार होते, सावता माळी होते, चोखामेळा महार होते, जनाबाई दासी होत्या. सर्व जातींतील स्त्री-पुरुषांनी मराठीत रचना केली आणि माणसाची योग्यता जन्मावर ठरत नाही हे लोकांना शिकवले, याकडे रानडे यांनी लक्ष वेधले. मराठ्यांचे राज्य उभे राहण्याआधी लोकांची मने या वाणीने जोडली होती, असे त्यांचे मत होते.

याच प्रकरणात त्यांनी शेख महंमद यांचाही उल्लेख केला आहे. शेख महंमद हे श्रीगोंदे येथील थोर संत. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांचे अनुयायी रमजानचे रोजेही ठेवतात आणि एकादशीही पाळतात, मक्केलाही जातात आणि पंढरपूरलाही जातात, असे रानडे यांनी लिहिले आहे. मराठी ही कोणा एका धर्माची भाषा नाही, हे या एका उदाहरणावरून लक्षात येते.

हिंदू आणि मुसलमान यांच्या संबंधांविषयीही रानडे यांनी खोल विचार केला होता. १८९९ मध्ये लखनौ येथे सामाजिक परिषद भरली. तेथील भाषणात त्यांनी अल्बेरूनीच्या ग्रंथाचा आधार घेऊन हजार वर्षांपूर्वीच्या हिंदुस्थानची स्थिती सांगितली. मुसलमानांच्या सहवासाने या देशाच्या कला, आचार-विचार आणि राज्यकारभार यांत जी भर पडली, ती त्यांनी मोकळेपणाने मान्य केली. दोन्ही समाजांनी एकमेकांचे हात धरल्याशिवाय देशाची प्रगती होणार नाही, असे त्यांनी श्रोत्यांना बजावले.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईस आल्यावर विद्यापीठात मराठीला स्थान मिळवून देण्याचे काम त्यांनी जोराने हाती घेतले. मराठीत ग्रंथ नाहीत, या आक्षेपाला केवळ भावनेने उत्तर देऊन चालणार नव्हते. त्यांनी मागील सुमारे तीस वर्षांत छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची विषयवार छाननी केली आणि १८९८ मध्ये मराठी साहित्याच्या वाढीवर एक टिपण लिहिले. काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र, इतिहास अशा शाखांत काय काम झाले आहे आणि कोठे उणीव आहे, हे त्यांनी त्यात दाखवले. न्यायालयात पुरावा मांडावा तसा त्यांनी मराठीचा पुरावा विद्यापीठापुढे मांडला.

काही सभासदांनी विरोध केला. रानडे शांतपणे प्रत्येकाची समजूत घालत राहिले. त्यांची प्रकृती ढासळत होती, तरी हे काम त्यांनी सोडले नाही. अखेर त्यांच्या आयुष्याच्या शेवटी या प्रयत्नांना यश आले. एम. ए. च्या अभ्यासक्रमात मराठी आणि इतर देशी भाषांना प्रवेश मिळाला. पण त्याचे फळ पाहण्यास ते फार दिवस राहिले नाहीत. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

रानडे यांनी उघडलेले दार पुढे अधिक रुंद होत गेले. बी. ए. लाही मराठी आली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले. फुले यांनी विचारलेल्या प्रश्नालाही हळूहळू उत्तर मिळू लागले. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. अण्णा भाऊ साठे यांच्यासारखा शाळेचे शिक्षण जवळजवळ न मिळालेला लेखक विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय झाला. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या घरातून ते कडक पत्र आले होते, त्याच घरातील शिक्षिकेचे नाव आज विद्यापीठाच्या दारावर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपली मातृभाषा उर्दू आहे आणि मराठी ही आपल्या राज्याची भाषा आहे. बाजारात, दवाखान्यात, एसटीत ती आपल्या कानांवर पडते. परीक्षेपुरते चार धडे पाठ करून ती आपली होणार नाही. शेजारी राहणाऱ्या माणसाचे सुखदुःख तिच्या पुस्तकांतून समजून घेतले आणि आपले सुखदुःख तिच्यात लिहिले, तर ती खरोखर आपली होईल. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी हे काम पूर्वीच केले आहे. ते पुढे नेण्यासाठी विद्यापीठाचे दार आज आपल्यासाठीही उघडे आहे.

शब्दार्थ
विद्यापीठ – युनिव्हर्सिटी
पदवीधर – ग्रॅज्युएट
बहिष्कार – संबंध तोडणे, बायकॉट
छाननी – बारकाईने तपासणी
आक्षेप – हरकत, एतराज
अनुयायी – मागे चालणारे, मुरीद

स्वाध्याय
१. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून देशी भाषा का काढून टाकण्यात आल्या?
२. महात्मा फुले यांनी ग्रंथकारांच्या सभेला जाण्यास नकार का दिला? त्यांचे म्हणणे तुम्हांला पटते का?
३. शेख महंमद यांच्या अनुयायांविषयी रानडे यांनी काय लिहिले आहे?
४. तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एका प्रश्नावर मराठीत दहा ओळी लिहा.