नोबेल पारितोषिकामागचा माणूस

नोबेल पारितोषिकाचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १९१३ साली रवींद्रनाथ ठाकुरांना आणि १९३० साली सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना ते मिळाले, याचा प्रत्येक भारतवंशीयाला अभिमान वाटतो. परंतु ते ज्यांच्या नावाने दिले जाते त्या आल्फ्रेड नोबेल यांना रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या उष्णतेशी जन्मभर झुंजावे लागले, हे थोड्यांनाच माहीत असते. सौदी अरेबियातील मोठमोठ्या कारखान्यांत आजही त्याच उष्णतेचा हिशेब रोज मांडावा लागतो. म्हणून नोबेल यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगत आहोत.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो खदखदतो आणि भांड्याचा चटका बसतो. खाली जाळ नसताना ही ऊब येते ती क्रियेतूनच. आपल्या बेटावर उसाचा रस निवळण्यासाठी चुना वापरतात, तेव्हा ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मूठभर चुना आपोआप निवतो. पण क्रिया टनांच्या मापाने चालली आणि उष्णतेला वाट मिळाली नाही, तर उष्णतेने क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते आणि शेवट स्फोटात होतो.

आल्फ्रेड यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोम येथे झाला. वडील इमॅन्युएल हे संशोधक वृत्तीचे, पण धंद्यात चढउतार सोसलेले गृहस्थ होते. ते रशियात स्थिरावल्यावर १८४२ साली कुटुंब सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथे आल्फ्रेड घरीच शिकले व अनेक भाषांत पारंगत झाले. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ सोब्रेरो यांनी १८४७ साली नायट्रोग्लिसरीन हा भयंकर स्फोटक द्रव शोधला होता. तो सुरुंगासाठी उपयोगात आणण्याचा ध्यास आल्फ्रेड यांनी घेतला.

ग्लिसरीन आम्लांच्या मिश्रणात सोडताना फार उष्णता निघते आणि तयार झालेला द्रव धक्क्यानेही फुटतो. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथे त्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. त्यात विशीतला धाकटा भाऊ एमिल आणि इतर काही माणसे प्राणास मुकली. शहरात हे काम करण्यास बंदी आली, तेव्हा आल्फ्रेड यांनी सरोवरातील एका पडावावर ते चालू ठेवले. १८६७ साली त्यांनी हा द्रव एका सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइटचे पेटंट घेतले. धक्क्याचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी झाला.

कारखान्यातील उष्णतेचा धोका मात्र राहिलाच. स्कॉटलंडमधील त्यांच्या आर्डीर कारखान्यात मिश्रणाच्या भांड्यात थंड पाण्याच्या नळ्या असत. थर्मामीटरवर नजर ठेवणाऱ्या कामगाराला एका पायाचे स्टूल देत. त्याला डुलकी लागली की तो खाली पडे व जागा होई! पारा हद्दीबाहेर चढला तर सगळा माल खालच्या पाण्याच्या हौदात सोडून देत. माल बुडाला तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे, असा तो हिशेब होता.

१० डिसेंबर १८९६ रोजी इटलीत सान रेमो येथे नोबेल वारले. मृत्युपत्रानुसार त्यांच्या संपत्तीतून १९०१ पासून पारितोषिके दिली जाऊ लागली. १९५६ साली रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचे एक मानकरी होते रशियाचे निकोलाय सेम्योनोव्ह. निर्माण होणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा वाढली की स्फोट होतो, हे त्यांनीच १९२८ च्या सुमारास गणिताने दाखवले होते!

या गणितात मोठ्या भांड्याची एक मेख आहे. भांडे सर्व बाजूंनी दुप्पट केले तर आतला माल आठपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त चौपट. प्रयोगशाळेत जे सहज निवते ते कारखान्यात निवेलच असे नाही.

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९७५ नंतर जुबैल हे उद्योगनगर उभे राहिले. तेथे वायूपासून प्लॅस्टिक आणि खते होतात, आणि यातल्या अनेक क्रिया उष्णता सोडणाऱ्या असतात. थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी कालव्याने आणतात. पण उन्हाळ्यात त्या आखाताचे पाणीच ३० अंशांच्या वर जाते. म्हणून पंप बंद पडला तर किती मिनिटांत पारा कुठवर चढेल, हे आधीच मोजून ठेवावे लागते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या टाकीत पाणी शिरून उष्णता भडकली, तेव्हा थंड करणारी यंत्रणा बंद होती. त्याची किंमत हजारो निरपराध माणसांनी मोजली.

रसायनाचा धंदा करणाऱ्याने माल किती निघेल याआधी उष्णता कोठून बाहेर जाईल हे विचारावे. नोबेल यांना हा धडा सख्ख्या भावाच्या मृत्यूने मिळाला. आपली मुले उद्या अशा कारखान्यांत जातील, तेव्हा त्यांनी हा प्रश्न विचारण्यास कचरू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.