आडवाटेचा यात्रिक ह्युएनत्संग

लांब पल्ल्याची पायी यात्रा ज्यांनी केली आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको, की ठरलेल्या मुक्कामांच्या यादीवरून चालीचा हिशेब कधी पुरा होत नाही. कोठे पूल वाहून गेलेला असतो, कोठे एखादे क्षेत्र वाटेपासून चार कोस आत असते, कोठे कोणास शब्द दिलेला असतो. अशा जादा चालीचा इतिहासातील सर्वांत मोठा धनी कोण, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही चिनी भिक्षू ह्युएनत्संग याचे नाव घेऊ. शाळेच्या पुस्तकांतून तो आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु ती ओळख हर्षाच्या दरबारातील पाहुणा एवढीच.

इ. स. ६०२ च्या सुमारास होनान प्रांतात, लोयांग नगराजवळ, एका विद्वान घराण्यात त्याचा जन्म झाला. वडील बंधू आधीच भिक्षू झालेले. त्यांच्या पाठोपाठ हाही बालवयातच मठात गेला. चिनी भाषांतरातील बौद्ध ग्रंथ एकमेकांशी जुळेनात आणि प्रत्येक गुरू निराळा अर्थ सांगू लागला, तेव्हा मूळ ग्रंथ भरतखंडात जाऊनच पाहावे असे त्याच्या मनाने घेतले. सीमा बंद होत्या व बादशहाची परवानगी मिळाली नाही. इ. स. ६२९ मध्ये (काही अभ्यासक ६२७ धरतात) तो चांगान राजधानीतून निघाला आणि सरहद्दीजवळ तर दिवसा लपून रात्री चालू लागला.

पहिला वळसाच जिवावर बेतला. गोबीच्या वाळवंटात पाण्याच्या जागी चौकीचे बुरूज होते. पहिल्या बुरुजावर बाण अंगावर आले, पण तेथील अधिकारी भाविक निघाला. चौथ्या बुरुजाच्या अधिकाऱ्याने सल्ला दिला, की पाचव्या चौकीवरचा माणूस कडक आहे, ती वाट सोडावी आणि आडबाजूच्या एका झऱ्याकडे जावे. तो झरा काही सापडला नाही. शंभर ली, म्हणजे सुमारे तीस मैल, चालून वाट चुकली. पाणी पिताना पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. तो पूर्वेकडे परत फिरला. दहा ली मागे गेल्यावर त्यास आपलीच प्रतिज्ञा आठवली, की भरतखंडास पोचल्याशिवाय पूर्वेस एक पाऊलही टाकावयाचे नाही. त्याने घोड्याचे तोंड पुन्हा फिरविले. चार रात्री आणि पाच दिवस घशात पाण्याचा थेंब नव्हता. त्याचा घोडा म्हातारा व रोड, परंतु तीच वाट पंधरा वेळा तुडविलेला. पाचव्या रात्री त्याने आपण होऊन वाट सोडली, लगाम ओढला तरी ऐकेना, आणि काही ली अंतरावर हिरव्या गवतापाशी व पाण्यापाशी जाऊन उभा राहिला. स्वार वाट चुकला तेथे जनावर चुकले नाही, याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

पुढे हामी येथून त्याचा बेत उत्तरेच्या मार्गाने जाण्याचा होता. परंतु काओचांगच्या (आजच्या तुर्फानच्या) च्यू वेनताइ राजाने माणसे पाठवून त्यास आपल्याकडे वळवून नेले, आणि एकदा आलेल्या साधूस सोडावयास तो तयार होईना. ह्युएनत्संगाने अन्नपाणी वर्ज्य केले. तेव्हा राजा नमला. तडजोड अशी ठरली, की महिनाभर प्रवचन करून जावे आणि परतताना येथे तीन वर्षे राहावे. राजाने तीस घोडे, पंचवीस सेवक, वीस वर्षे पुरेल इतके द्रव्य आणि वाटेवरील चोवीस राज्यांना पत्रे दिली. हे वचन पुढे त्यास किती पडले ते येईलच.

थ्येनशानच्या बर्फात तांड्यातील कित्येक माणसे दगावली. समरकंद उतरून कुंदूझहून दक्षिणेस यावयाचे, तर तेथल्या अधिपतीने बल्ख पाहावे असे सुचविले. हा तिकडे गेला. जलालाबादजवळच्या एका गुहेत बुद्धाची छाया दिसते असे ऐकले. वाटेवर लुटारू म्हणून सोबती येईनात, तेव्हा एका वाटाड्यास घेऊन निघाला. पाच चोर आडवे आले. चोरही माणसेच आहेत, देवदर्शनास निघालेल्याने त्यांस काय भ्यावे, अशा अर्थाचे तो बोलला. तेच चोर त्याच्याबरोबर दर्शनास गेले, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे.

नालंदा येथे शीलभद्र नामक वयोवृद्ध आचार्यांच्या चरणी त्याने वर्षानुवर्षे अध्ययन केले. पुढे सिंहलद्वीपास जाण्यासाठी ताम्रलिप्तीस आला असता एका दाक्षिणात्य भिक्षूने सांगितले, की एवढा समुद्र कशास, दक्षिण टोकापर्यंत जमिनीने जावे, तेथून तीन दिवसांचा जलप्रवास. म्हणून तो ओरिसा, कलिंग, आंध्र करीत कांचीस पोचला. आणि तेथे कळले की सिंहलात राजा वारला असून दुष्काळ पडला आहे. इतकी चाल फुकट गेली असे वाटेल. परंतु त्याच वळशामुळे इ. स. ६४१ च्या सुमारास तो आपल्या महाराष्ट्रात आला. पुलकेशीचे राज्य, उपकारास जागणारी व अपमान न विसरणारी माणसे, आश्रयास आलेल्यासाठी स्वतःचे भान विसरण्याची रीत, हे सर्व त्याने नोंदले. हरलेल्या सेनापतीस स्त्रीवेष देत, हेही नोंदले. पूर्व सीमेवरील डोंगरातील लेण्यांचे त्याचे वर्णन अजिंठ्याचेच, असे पंडित मानतात. सिंहलात सर्व ठीक असते तर ही साक्ष आपणांस लाभली असती काय, कोण जाणे!

इ. स. ६४३ मध्ये प्रयागच्या महादानानंतर हर्षाने त्यास निरोप देताना विचारले, की समुद्रमार्गे जात असल्यास सोबतीस माणसे देतो. ह्युएनत्संगाने नकार दिला. काओचांगच्या राजास शब्द दिला होता; म्हणून पुन्हा तेच पर्वत, तेच बर्फ. वस्तुतः तो राजा इ. स. ६४० मध्येच वारला होता आणि त्याच वर्षी त्याचे राज्य चीनच्या सैन्याने जिंकले होते. ज्यास शब्द दिला तो तीन वर्षांपूर्वीच जग सोडून गेलेला, आणि हा त्यासाठी उत्तरेची वाट धरतो आहे! सिंधू ओलांडताना नाव कलली. सुमारे पन्नास पोथ्या व फुलांची बीजे गेली. त्या ग्रंथांच्या नकला मिळविण्यासाठी त्याने उड्डियानात माणसे पाठविली आणि काही आठवडे वाट पाहिली. पामिरात चोरांच्या गडबडीत हर्षाने दिलेला हत्ती बुडाला. अखेर तुर्फान बाजूस ठेवून खोतानच्या दक्षिण मार्गाने तो इ. स. ६४५ मध्ये चांगानला पोचला. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते.

पुढील एकोणीस वर्षे त्याने फारसे हिंडणे केले नाही. ७५ ग्रंथांचे भाषांतर केले आणि इ. स. ६६४ मध्ये देह ठेवला. त्यापूर्वी, इ. स. ६५४ मध्ये, त्याने नालंदेच्या पंडितांना पत्र लिहिले. सिंधूत गेलेल्या पोथ्यांची यादी त्यासोबत जोडली होती, आणि कोणी येणारा असल्यास त्यांच्या प्रती पाठवाव्या अशी विनंती केली होती.