सर्च इंजिनला शब्दांचं वजन शिकवणाऱ्या बाई मूळच्या इतिहासाच्या विद्यार्थिनी होत्या

शहापूरच्या एसटी स्टँडवर उतरलात आणि सर्च केलं, ‘शहापूर तालुका माहुली’. समजा, मशीनकडे शहापूर-मुरबाडची १००० पानं आहेत. ‘तालुका’ हा शब्द सगळ्या पानांत आहे, ‘शहापूर’ ५०० पानांत आणि ‘माहुली’ फक्त १० पानांत. मग भाव कुणाला द्यायचा?

अर्थात माहुलीला. आज हे सोपं वाटतं, पण १९७२ मध्ये ते मांडून, मोजून दाखवलं कॅरन स्पार्क जोन्स यांनी.

१९३५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला जन्म. आई नॉर्वेची. केंब्रिजला इतिहास शिकल्या, मग वर्षभर तत्त्वज्ञान, मग काही काळ शाळेत शिकवलं. कम्प्युटरशी गाठ पडली ती मार्गारेट मास्टरमन यांच्या भाषा संशोधन गटात. १९६४ ची पीएचडीही समानार्थी शब्दांवर.

त्यांच्या सूत्राचं आजचं सोपं रूप असं: एकूण पानांना शब्द असलेल्या पानांनी भागा आणि लॉगॅरिदम घ्या. ‘तालुका’ शून्यावर येतो, ‘माहुली’ २ वर.

पण खरी गंमत चाचणीत आहे. बाईंनी कागदपत्रांचे तीन संग्रह घेतले. प्रश्न ठरलेले, बरोबर उत्तरं कुठली तेही आधीच ठरलेलं. एकदा सगळे शब्द सारखे धरून शोध घेतला, एकदा वजन लावून. वजनाची बाजू सरस ठरली.

आज अपाचे सोलर हा सर्च सर्व्हर जेट्टी नावाचा वेब सर्व्हर पोटात घेऊन चालतो. वेब सर्व्हर वगळून, थेट प्रोग्रॅममधूनही तो चालवून बघता येतो. वेग बदलेल, पण पानं, सेटिंग आणि प्रश्न तेच असतील तर माहुलीचं पान दोन्हीकडे त्याच नंबरावर यायला हवं. नाही आलं तर गडबड कुठे आहे, हे एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कळतं. आणि सोलरच्या क्रमवारीत बाईंचं ते वजन अजूनही आहे.

एवढं करूनही केंब्रिजमध्ये त्यांनी कित्येक वर्षं तात्पुरत्या करारांवर काढली. प्रोफेसरपद मिळालं १९९९ मध्ये, साठी उलटल्यावर. तीनच वर्षांत निवृत्ती.

४ एप्रिल २००७ ला कॅन्सरने त्या गेल्या. ब्रिटिश कम्प्युटर सोसायटीचं लव्हलेस पदक त्यांना मिळालं, तेही त्याच वर्षी.